पान उपडं असतानाच

पान अजून उलटू नका. उपडंच असू दे मांडीवर.

आधी बसायची जागा. कोल्हापुरात असाल तर पौष-माघातली सकाळ आणि पंचगंगेचा घाट. पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं. पावसाळ्यात बुडून जाणारी घाटावरची लहान-लहान देवळं आणि दीपमाळा पायापासून मोकळ्या दिसतात. पायरीचा दगड गार असतो, खाली पोतं किंवा जुना टॉवेल घ्या. शेजारी कुणी धुणं आपटत असेल, कुणी म्हैस धूत असेल. त्यांची अडचण मानायचं कारण नाही. संध्याकाळचा रंकाळा मात्र या कामाला उपयोगाचा नाही. भेळेच्या गाड्यांपुढं स्वतःशी बोलायला गेलात तर तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी ‘काय पाव्हणं, एकटंच?’ म्हणत शेजारी टेकणार. घरी बसलात तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ कागद, पेन आणि टॅरोचा कॅट.

डोळे मिटा, श्वास मोजा असं काही मी सांगत नाही. आज काम डोळ्यांचंच आहे.

आता प्रश्न. मनात एखादा घेऊनच आला असाल. ‘पोराला पुण्यात नोकरी लागेल का?’ हा तो प्रश्न असेल तर त्याचं उत्तर पुण्यातल्या त्या कंपनीकडे आहे, पानाकडे नाही. हाच प्रश्न जरा वळवून बघा. ‘तो पुण्याला गेला तर या घरात मागं काय उरेल, आणि त्यातल्या कशाची मला धास्ती वाटते?’ याचं उत्तर कंपनीला ठाऊक नाही, तुम्हाला आहे, फक्त ते अजून शब्दांत आलेलं नाही. ‘भाऊ वाटणीला तयार होईल का?’ याचंही तसंच. ‘वाटणीचा विषय निघाला की मी उठून आत का जातो?’ असं विचारा. प्रश्नात ‘होईल’, ‘मिळेल’, ‘लागेल’ आलं की तो बाजूला ठेवा, आणि ‘मी’ कुठं आहे ते शोधा. वाक्य कागदावर लिहा. खोडून पुन्हा लिहावं लागलं तर उत्तमच.

घाट उतरून तळकोकणात गेलं की देवळात कौल लावतात. मूर्तीला तांदूळ किंवा कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठल्या बाजूचा आधी पडतो ते बघायचं. उजवा कौल, डावा कौल. विचारणारा तो देवाचा शब्द मानतो. त्या व्यवहारात मी पडत नाही. पण टॅरोचं पान कुणी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. ते छापखान्यातून येतं, आणि त्याला उद्याचं काही कळत नाही. हे स्पष्ट बोलायला हवं, विशेषतः कोल्हापुरात. अंधश्रद्धेविरुद्ध उभं आयुष्य बोलत राहिलेल्या कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर याच शहरात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० फेब्रुवारी २०१५ ला ते गेले. त्यांच्या गावात बसून पत्त्यांवर लिहायचं तर भविष्याचा धंदा आणि मनन यांच्यामधली रेघ ठळक ओढूनच लिहावं. पैसे घेऊन ‘पुढच्या महिन्यात योग आहे’ सांगणारा, मग त्याच्या पिंजऱ्यात पोपट असो की टेबलावर टॅरो, माझ्या लेखी एकाच ओळीत बसतो.

मग पानं कशाला? नुसता कागद-पेन घेऊन बसता येत नाही का? येतं की. पण नुसत्या कागदापुढं बसलं की मन आपली नेहमीची चार वाक्यं लिहून मोकळं होतं. चित्र समोर असलं की डोळा गुंततो, आणि डोळा गुंतलेला असताना मन जरा बेसावध बोलतं.

हा पत्त्यांचा संच मुळात खेळायचाच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारासारख्या दरबारांत, हुकुमाची जादा चित्रं घालून केलेला एक खेळ. तीनशेहून अधिक वर्षं लोक त्यानं डाव मांडत होते. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असं छापलं. आधार काही नव्हता, पण गोष्ट गोड होती. त्यानंतर एत्तेया या नावानं लिहिणाऱ्या गृहस्थानं पानं वाचून भविष्य सांगायची रीत बसवली आणि बाजार सुरू झाला.

तुमच्या हातातला कॅट बहुतेक १९०९ चा असेल, म्हणजे त्याची चित्रं. लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांनी योजना आखली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं ७८ पानं काढली. तोवर बहुतेक संचांत बावीस मोठी पानं चित्रांची असत. उरलेल्या छप्पन्नांतल्या आकड्यांच्या पानांवर नुसते पेले, नाणी, काठ्या, तलवारी. आपल्या बदाम सत्तीवर सात बदाम असतात तसंच. पामेलानं प्रत्येक आकड्यावर माणूस उभा केला. कुणी झाडाखाली हाताची घडी घालून बसलंय, कुणी बाकावर बसून नाण्यावर ठोकाठोकी करतंय, कुणी अंथरुणात उठून तोंड झाकून घेतलंय. मोबदला तिला जेमतेम मिळाला. ती १९५१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या बूड नावाच्या गावात वारली, पदरी फारसं काही नसताना. संच मात्र वेट आणि प्रकाशक रायडर यांच्या नावानं ओळखला जात राहिला. तिचं नाव जोडायची रीत अलीकडची. तिची सही पानावर असते, पी, सी, एस ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली, वेलाच्या तंतूसारखी. उलटल्यावर ती सही आधी शोधा. हे कुणा बाईनं हातानं काढलेलं चित्र आहे, हे एकदा डोळ्यांना पटलं की पानातली भीती निम्म्यानं उतरते.

मांडीवरचं पान कुठलं ते सांगून टाकतो. पहिल्या बैठकीला पान नशिबावर सोडू नका, कॅटमधून पेल्यांची पंजी शोधून घ्या. पिसून काढलेल्या पानात जादा काही नसतं. पिसायचा फायदा एकच, आपण होऊन जे चित्र निवडलं नसतं ते पुढ्यात येतं. पंजी बहुतेक कुणीच निवडत नाही, म्हणून ती मी तुमच्यासाठी निवडली.

उलटा.

सही सापडली? आता बघायची रीत. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतल्या इमारती, आणि किरण कंबरेपाशीच मावळतात. लोक पुन्हा दुसऱ्या दिवशी येतात. पान तसंच बघायचं. पायांपासून वर, सावकाश, आणि एका वेळी एकच टप्पा.

पाय. पानाच्या खालच्या भागात जमीन आहे. जमिनीवर तीन पेले आडवे पडलेत, त्यांतून काहीतरी सांडून ओघळ गेलेत. त्या उभ्या माणसाच्या पाठीमागं आणखी दोन पेले आहेत, ते सरळ उभे. एवढंच. ‘दुःख’, ‘पश्चात्ताप’ असे शब्द ओठावर आले असतील, गिळा ते. चित्रात पश्चात्ताप कुठंही काढलेला नाही, पेले काढलेत. जे दिसतं तेवढंच कागदावर लिहा. तीन आडवे. दोन उभे. ओघळ.

मध्य. काळा पायघोळ झगा, खांद्यापासून खालपर्यंत. हात दिसत नाहीत. हात नसलेलं माणूस काय करू शकतं, याचा विचार आता नको, फक्त नोंद करा की हात दिसत नाहीत. मागं नदी आहे. नदीवर पूल आहे. पलीकडं गढीसारखी एक इमारत. पूल आणि माणूस यांच्यात किती अंतर असेल? डोळ्यांनी चालून बघा. नदीला धार आहे की नाही? मला ती संथ वाटते, तुम्हाला वाटेलच असं नाही.

मुख. मान खाली गेलेली, चेहरा जवळजवळ दिसतच नाही. आकाश करडं. देवळात किरण मुखापर्यंत पोचले की गर्दीतून जयघोष उठतो. इथं मुखापर्यंत येऊन हाताला काहीच लागत नाही. पुरुष आहे की बाई तेही ठरत नाही. थोडा वेळ या न दिसणाऱ्या चेहऱ्यापाशी थांबा. मन तिथं कुणाचा तरी चेहरा बसवायला बघेल. बसवू दे. कुणाचा बसवला ते मात्र लिहा.

आता एक गंमत. कोल्हापूरच्या माणसाला एव्हाना सुचलं असेल की पेले पाच आणि पंचगंगेच्या नद्याही पाच: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. त्यातली सरस्वती गुप्त, डोळ्यांना चारच दिसतात. पानातली नदी, पानातला पूल, आणि आपला पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल! अंगावर काटा यायला एवढं पुरतं. पण लंडनात बसून चित्र काढणाऱ्या पामेलाला चिखलीचा प्रयाग, म्हणजे या नद्यांचा संगम, ठाऊक असायचं कारण नाही. सांधा तुम्ही जुळवला, मी जुळवला. पान वाचणाऱ्यांची निम्मी कीर्ती या सांध्यांवर उभी असते. जुळलं तर हसा आणि पुढं चला. त्यातून संकेत काढू नका. ‘मला नेमकं हेच का जुळवावंसं वाटलं?’ एवढा प्रश्न मात्र फुकट घालवू नये.

मला तरी हे पान बघून पूर आठवतो, आणि तेही लपवायचं कारण नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तिथवर आलं. सुतारवाड्यातली माणसं दरवर्षी सर्वांत आधी हलतात, त्यांना सवय आहे. त्या ऑगस्टात सवय नसलेल्या गल्ल्यांतही पाणी शिरलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणपती तयार होत होते, चतुर्थी जेमतेम तीन-चार आठवड्यांवर. पाणी आत आलं आणि मूर्ती पाण्यात गेल्या, विसर्जनाच्या आधीच.

पाणी ओसरल्यावर माणूस आधी काय करतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी आठवावं. काय वाचलं ते कुणी मोजत नाही. गेलेलं बाहेर काढतात. भिजून दगड झालेल्या गाद्या, वास सुटलेलं धान्य, फुगून चौकटीत अडकलेलं दार, पानं एकमेकांना चिकटलेले लग्नाचे अल्बम. सगळं दारात ढिगानं. मग तलाठी येतो आणि पंचनामा होतो. पंचनाम्यात ‘खूप नुकसान झालं’ लिहून भागत नाही. नग सांगावे लागतात. गादी किती, पोती किती, भिंत कुठली पडली, किती फूट. खाली पंचांच्या सह्या. सरकारी कामातला हा रुक्ष कागद, पण मननाला इतकी चांगली रीत मला दुसरी माहीत नाही.

म्हणून आता त्या आडव्या तीन पेल्यांचा पंचनामा करा.

टॅरोच्या पुस्तकांत या पानाशी आलं की लगेच सांगतात: मागं वळून बघा, दोन पेले शाबूत आहेत! खरं आहे, आहेत. पण मला ही घाई पटत नाही. पूरग्रस्ताच्या दारात पहिल्याच दिवशी जाऊन ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ म्हणणारा पाहुणा तुम्ही पाहिला असेल. तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्या बोलण्यापुढं घरातल्या माणसाला गादी गेल्याचं रडूही येत नाही. स्वतःच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा तोच पाहुणा असतो.

तेव्हा दोन उभ्या पेल्यांकडे अजून बघू नका. कागदावर तीन ओळी सोडा. पहिल्या पेल्यातून काय सांडलं? ‘नात्यात दुरावा आला’ हे पंचनाम्यात चालायचं नाही. ‘दर रविवारी आक्काचा फोन यायचा, तो बंद झाला’ हे चालेल. ‘करिअर बसलं’ नाही. ‘दुकानाची पाटी उतरवली, ती आता माळ्यावर आहे’. दुसरा पेला. तिसरा. तिसऱ्यापाशी हात अडेल, कारण दोन गोष्टी आपण सांगायच्या म्हणून तयार ठेवलेल्या असतात आणि तिसरी नसते. घाई नाही. धुणं वाळत घालून बाई निघून जाईपर्यंत बसलात तरी हरकत नाही. डोळा पानावर ठेवा, त्या काळ्या झग्यावर. तिसरी ओळ कोरी राहिली तर कोरीच ठेवा आणि समोर आजची तारीख घाला.

एक मात्र सांगायला हवं. ओळी लिहिता लिहिता मन सावरेनासं झालं, झोप-जेवण तुटलंय असं ध्यानात आलं, तर पान ठेवा आणि जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा. पत्ते त्या कामाचे नाहीत.

आता मागचे दोन. तेही नगांतच. कोण, काय, कुठं ठेवलेलं. पूल राहिला, पण पूल ओलांडायला मी सांगत नाही. चित्रातलं माणूसही तो ओलांडताना दाखवलेलं नाही. पूल आहे, एवढी नोंद पुरे.

एका बैठकीला एकच पान. ‘आणखी एक काढून बघू’ ही इच्छा होणारच, विशेषतः पहिल्यानं काही अडचणीचं बोलायला लावलं असेल तर. रमीत वाईट पान आलं की टाकून दुसरं उचलता येतं. इथं ती सोय नाही. आडवं आलं, उलटं आलं, याचंही फार मनावर घेऊ नका. पान उलटं धरलं तर पेले वर जातात आणि माणूस डोक्यावर उभं दिसतं, त्यापलीकडं त्यात काही नाही.

टॅरोची ही चित्रं मनाला परकी वाटत असतील तर आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरा. सावंतवाडीत मोती तलावाकाठी राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, हातानं काढलेले. बाबरानं १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. पुढं दख्खनेत त्यांना दशावताराचं रूप आलं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पानं. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, दगडानं घोटून पान करायचे. कला संपतच आली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जुन्या कारागिराच्या हातून ती पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. किंमत रंगवणाऱ्याच्या हाताची असते, तेव्हा सगळा संच परवडेलच असं नाही. मननाला एक पान पुरतं.

गंजिफेवर भविष्याचा बोजा नाही, हे मला तिचं मोठं सुख वाटतं. आणि तिच्या खेळात दोन नियम असे आहेत की खेळ न येणाऱ्यानंही त्यांच्यापाशी जरा बसावं. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हातात त्याची. आणि दहांपैकी निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका, उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ आणि दश्शी तळाला. पान तेच, आकडा तोच. रंग बदलला की वजन फिरतं.

कूर्माची सत्ती हातात आली असं धरा. सात कासवं, रंगाच्या गोल चौकटीत. पेल्यांच्या पंजीसारखी इथं गोष्ट नाही, माणूस नाही, पूल नाही. एक कासव बघा. मग दुसरं. रंगवणाऱ्यानं सातही सारखीच काढायची ठरवलं असणार, पण हात हात असतो. एकाची मान जरा लांब, एकाचा पाय जाड. फरक सापडेपर्यंत बघा. मग आपला प्रश्न सात वेळा लिहा, एकाखाली एक, न बघता. चौथ्या-पाचव्या वेळेला एखादा शब्द आपोआप बदलतो. बदललेल्या शब्दाखाली रेघ मारा. आजचं काम झालं.

कागद घडी करून कॅटच्या डबीत ठेवा, पुढच्या महिन्यात काढून बघायला. घरात कुणी ‘काय आलं पानात?’ विचारलं तर तुमचा अर्थ सांगू नका. पान त्यांच्या हातात द्या आणि काय दिसतं ते त्यांनाच विचारा. तुम्ही तासभर ज्या झग्याकडे बघितलं तो त्यांना दिसणारही नाही. चष्मा लावून, पान दिव्याजवळ नेऊन घरातली आजी बहुतेक एवढंच म्हणेल, ‘ही बाई हुबी का ऱ्हायलीया? प्यालं उचलायचं न्हाईत व्हय?’ तेही लिहून ठेवा, पंचनाम्याच्या खाली, पंचांची सही म्हणून.